दोन्हीकडे नको म्हणणारा कैदी

आमची चारकोपची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली तेव्हा बाबांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच होते. त्यांची आंघोळ, गोळ्या, रोज कुठेतरी हरवणारी कवळी, सगळं माझ्याकडे. मी दमले होते. सकाळी डोळे उघडले की पुन्हा मिटून घ्यावेसे वाटायचे. म्हणून बिल्डरने घरं रिकामी करायला सांगितली तेव्हा शेजारी चिडले, पण मला आतून हायसं वाटलं. आता बाबांची सोय दुसरीकडे करावीच लागणार होती.

धाकटा भाऊ घाटकोपरला राहतो. रविवारी तो आला. बाबांना मध्ये खुर्चीवर बसवून आम्ही दोघं समोर बसलो.

"बाबा, माझ्याकडे चला ना. लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवतो," भाऊ म्हणाला. "नाहीतर गावाला. काका आहेत, मोकळी हवा आहे. तुम्हालाच आवडेल."

तो बराच वेळ बोलत होता. मध्येमध्ये मीही "हो ना" म्हणत होते. बाबा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

"बरां समजावतास," ते हसून म्हणाले. "कोरियात असोच समजावीत."

बाबा तरुणपणी फौजेत होते आणि कोरियाला जाऊन आले होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. लहानपणी भावाने विचारलं होतं, "तिकडे कोण जिंकलं?" तर म्हणाले होते, "कोणच जिंकूक नाय. रेघ व्हती थंयच रवली." कम्युनिस्टांना उत्तर आणि दक्षिण कोरियामधल्या त्या रेघेपलीकडे रोखायचं म्हणून अमेरिकेने लढाई केली, पलीकडून चीन उतरला, आणि माणसं मारून सगळे जवळपास होते तिथेच थांबले. आपली फौज गेली ती लढाई थांबल्यावर, घरी परत जायला तयार नसलेले कैदी सांभाळायला. त्यात बाबा.

त्या रविवारी ते पहिल्यांदा नीट बोलले.

कैद्याला तंबूत आणायचं. टेबलापलीकडे त्याच्याच देशाची माणसं बसलेली. तुझी आई वाट बघते, जमीन आहे, चल, असं ती समजावणार. मग कैद्याने उठायचं. एका दाराने गेला तर घरी, दुसऱ्याने गेला तर परत छावणीत. बरेच कैदी आत येतानाच ओरडायचे, खुर्च्या फेकायचे. बाबांनी दंडाला धरून आणलेला एकजण मात्र मान खाली घालून सगळं ऐकत बसला. मग उठला आणि दोन्ही दारांच्या मध्ये नुसता उभा राहिला. शेवटी छावणीच्या दाराने गेला.

"म्हणजे घरी नाही गेला," भाऊ म्हणाला.

"नाय. पण छावणीतय तेचो जीव रमाना."

बाबा पहाऱ्यावर असले की तो तारेजवळ येऊन उभा राहायचा. बाबांनी खुणेने विचारलं, उत्तरेला जायचं? त्याने नाही म्हणून मान हलवली. दक्षिणेला? तरी नाही. मग तारेतून हात घालून त्याने बाबांच्या छातीला बोट लावलं. बाबांना वाटलं, विडी मागतोय. त्यांनी दिली. त्याने ती घेतली आणि पुन्हा बोट लावलं. दुभाष्याने सांगितलं तेव्हा कळलं, की तो विचारतोय, तुझ्या देशात येऊ का?

असे थोडे निघाले, दोन्हीकडे नको म्हणणारे. त्यांना आपल्या फौजेबरोबरच बोटीवर घेतलं. पहिल्या दिवशी तो डाळभात जेवला, हसला. किनारा दिसेनासा झाल्यावर मात्र डेकवर यायचाच बंद झाला. मद्रासला त्या लोकांना वेगळं उतरवलं.

"माका हार घातले," बाबा म्हणाले. "तेका कोणी बघूक पण नाय."

"पुढे काय झालं त्याचं?" मी विचारलं.

"माका काय म्हायत?"

मग भावाने घसा साफ केला. "ते ठीक आहे बाबा. पण मग काय, घाटकोपर की गाव?"

"दोनय नको."

"मग कुठे?"

बाबांनी माझ्याकडे हात केला. अभिमान वगैरे काही वाटला नाही मला. भावाच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. तो मी लगेच ओळखला, कारण मीही तोच तयार ठेवला होता.

मी उठले, तसा भाऊ माझ्या मागून स्वयंपाकघरात आला. "ताई, तू बोल ना त्यांच्याशी. सांग, तुला झेपत नाही."

मी चहाचं आधण ठेवलं. "तू सांग."

त्याने सांगितलं नाही. मीही नाही.

पुढच्या सेक्टरमध्ये तळमजल्यावर जागा मिळाली. दिवसाही दिवा लावावा लागेल अशी. भावाने सकाळची बाई लावून दिली, तेवढा श्वास मिळाला. सामान उतरवून टेम्पो गेल्यावर मी खोक्यांच्या मधोमध खाट लावली आणि बाबांना बसवलं.

"ह्यां कोणाचा घर?"

"भाड्याचं, बाबा. आपलं बांधून होईपर्यंत."

त्यांनी भिंतींकडे पाहिलं. "मगे सामान सगळा सोडू नको."

मी खोकी उघडायला घेतलेली सुरी खाली ठेवली. "आज नाही सोडत."

ते भिंतीला टेकून झोपले. खाटेच्या दुसऱ्या टोकाला जागा होती, मीही तिथे आडवी झाले.