सुदामच्या घोड्याची पाठ

घोडदळाची आमची तुकडी तेव्हा उत्तरेतल्या एका छावणीत होती. मी दफेदार होतो. पायदळातल्या हवालदाराच्या बरोबरीचा हा हुद्दा. टेंट पेगिंगचा संघ माझ्याकडे होता. भरधाव घोड्यावरून खाली वाकायचं आणि जमिनीत रोवलेली लाकडी खुंटी भाल्याच्या टोकाने उचलून न्यायची, असा हा खेळ आहे. बघणाऱ्याला तो सोपा वाटतो.

आमचा दिवस घोड्यांपासून सुरू व्हायचा आणि घोड्यांपाशीच संपायचा. पहाटे स्टेबल. मग खरारा, खुरांची सफाई, चारा, पाणी. त्यानंतर सराव. दुपारी खोगीर, लगाम, रिकिबी काढून साबणाने पुसायच्या आणि चामड्याला तेल द्यायचं. फौजेत घोड्याचं सामान हत्यारासारखंच मोजून घेतात आणि मोजून परत देतात.

मी मूळचाच संशयी. बायको म्हणते, घरात दूध उतू गेलं तरी हा माणूस कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवतो. खरं आहे. पण घोड्यांच्या कामात हा स्वभाव उपयोगी पडतो. घोडा बोलत नाही, आणि त्याच्याभोवतीची माणसं खरंच बोलतील याची खात्री नसते. म्हणून खोगीर कसून झाल्यावर प्रत्येक घोड्याचा तंग, म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, मी स्वतः बोटं घालून बघायचो. सवार रागावायचे. मी त्यांना रागावू द्यायचो.

संघात सवार सुदाम होता, जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीचा. मी भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा. इतक्या लांब आपल्याकडचा माणूस भेटला की बरं वाटतंच, आणि सुदाम तर कुणालाही आवडावा असाच होता. त्याचं घराणं मेंढरं राखणारं. पुढे मेंढरं गेली, घोडी राहिली. वडील किसनबापू लग्नाच्या वरातीत घोडी नाचवायचे. सुदाम त्यांच्याच हाताखाली शिकला. त्याच्या हातात लगाम दिला की अडेल घोडाही शहाण्यासारखा वागायचा. त्याला मिळालेला तेजस हा तांबडा घोडा तर त्याच्या पावलांचा आवाज ओळखायचा.

त्या वर्षी छावणीच्या मैदानावर हॉर्स शो होता. त्यात सिव्हिलियन घोडेमालकही आले होते. त्यांचा थाट आम्ही बघतच राहिलो. रंगीत सॅडल क्लॉथ, नक्षीदार लगाम, खुरांना काळं पॉलिश, शेपटी आणि आयाळ सुळसुळीत करायला वेगवेगळे स्प्रे. त्यांच्या तंबूजवळून गेलं तरी अत्तराच्या दुकानासारखा वास यायचा. मला त्या सगळ्या बाटल्यांचा संशय आला. सुदामला त्यांची भुरळ पडली.

"साहेब, त्यांची घोडी आरशावानी चमकून राह्यली," तो म्हणाला. "आपला तेजस पाह्यला का? रानातून उठून आल्यावानी दिसतो."

"चमकण्याला मार्क नाहीत. खुंटीला आहेत."

"लोक तर घोड्याकडंच पाहतेत न."

मी विषय तिथेच सोडला.

आमच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सुदामचं महिपालशी वाजलं. महिपाल आमचा सॅडलर, म्हणजे चामडी सामान शिवणारा, दुरुस्त करणारा. राजस्थानचा, कमी बोलणारा माणूस. सुदामला तेजससाठी नवा कोरा तंग हवा होता. महिपालने दिला नाही.

"नया चमड़ा खिंचता है," तो म्हणाला. "पुराना पक्का है. वही ले जा."

"पुराना दिखता कैसा है? लोग हँसेंगे."

"हँसने दे."

सुदाम जीभ सुटल्यासारखा बोलला. महिपालने हातातली आरी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाला, "कल देखेंगे." सगळ्या स्टेबलने ते ऐकलं. सुदामने रात्री जेवणाआधी घरी फोन केला तेव्हा वडिलांनाही सांगितलं, की सॅडलर माझ्यावर डूख धरून आहे.

दुसऱ्या दिवशी घोडे मैदानाच्या कडेला आणून कसले. मी रांगेने तंग तपासले. तेजसचा तंग आवळ होता. माझी बोटं कशीबशी आत गेली. सुदाम वर बसला. माझ्याकडे बघून हसला. तेजस खरंच चमकत होता, आणि मला वाटलं, पोराने रात्री खरारा जरा जास्तच केलेला दिसतो.

पहिल्या फेऱ्या चांगल्या झाल्या. शेवटच्या फेरीत सुदाम खुंटीसाठी उजवीकडे वाकला आणि त्याच्यासकट खोगीर फिरलं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत खोगीर घोड्याच्या पोटाखाली होतं आणि सुदाम जमिनीवर. तो मानेवर पडला. भाला बाजूला पडला, टोकावर खुंटी तशीच.

वायरलेसवर मी अँब्युलन्स मागवली.

"कंट्रोल, रायडर डाउन. अँब्युलन्स भेजो. ओव्हर."

"रॉजर. होश में है? ओव्हर."

"नहीं. जल्दी करो."

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये त्याच दिवशी तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर आला नाही.

मैदानावर मी तेजसजवळ कोणाला येऊ दिलं नाही. महिपाल खोगीर सोडवायला धावत आला. मी त्याला अडवलं.

"पीछे हटो. कोई हाथ नहीं लगाएगा."

तो जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आजूबाजूचे जवान घोड्याकडे बघत नव्हते, महिपालकडे बघत होते. मीही बघत होतो. तपासताना आवळ असलेला तंग नंतर कोणीतरी सैल केल्याशिवाय खोगीर फिरेलच कसं, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. आदल्या संध्याकाळचं "कल देखेंगे" माझ्या कानात होतं.

आमच्या तुकडीच्या मेजर साहेबांसमोर मी तंग बघितला. बकल त्याच भोकात होतं, जिथे मी बघितलं होतं. शिवण शाबूत. चामडं शाबूत. पट्टा अजूनही इतका आवळ होता की सोडवायला जोर लागला. मग मी पोटाखालचं खोगीर आणि त्याच्या आतला नमदा, म्हणजे लोकरीची जाड गादी, काढून घेतला आणि घोड्याच्या पाठीवर तळहात ठेवला. हात घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला, जसा तेल लावलेल्या फरशीवरून पाय जातो. हाताला वास आला, तोच, सिव्हिलियन तंबूजवळचा.

सुदामच्या पेटीत टॉवेलात गुंडाळलेली बाटली सापडली. घोड्याचे केस चमकवायचा स्प्रे. कोणा मालकाचा घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराकडून त्याने मिळवला होता. शेपटी आणि आयाळीसाठी तो उत्तम. पण खोगीर बसतं त्या पाठीवर मारला की नमद्याला पकड राहत नाही, मग तंग कितीही आवळा. घाम आला की ती आणखीच सुटते, म्हणून पहिल्या फेऱ्या निभावल्या. रोज घोड्यावर बसणाऱ्या मालकांना हे ठाऊक असतं. सुदामच्या घरी घोडीवर कोणी दौडत नसे. घोडी सजवायची, हातात लगाम धरून नाचवायची. तिथे सगळं अंग चमकलं पाहिजे. त्याने तेजसला तसंच सजवलं होतं.

इन्क्वायरीत महिपाल निर्दोष ठरला. मेजर साहेबांनी मला बोलावून घेतलं. "घरी सांगताना अपघात झाला एवढंच सांगायचं," ते म्हणाले. "गेलेल्या मुलाच्या माथी चूक मारून बापाला काय मिळणार?" मला ते पटलं. हुकूम नसता तरी मी तसंच केलं असतं.

सुदामला घेऊन टेंभुर्णीला मीच आलो. सगळं आटोपल्यावर किसनबापू ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"तंग कुणी बांधल्ता?" त्यांनी विचारलं.

"सुदामने स्वतः. मी तपासला होता. आवळ होता."

"मंग सुटला कसा?"

"सुटला नाही, बापू. अपघात झाला."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. चौकश्या बसवणारा मी, आणि त्या दिवशी त्या ओट्यावर संशयित मीच होतो.

त्यांनी मनात पक्कं केलं, की महिपालने तंग ढिला केला आणि फौजेने त्याला पाठीशी घातलं. तुकडीत फोन केले. गावात येईल त्याला सांगितलं. महिपालच्या कानावर ते गेलंच. पेन्शन घेऊन तो त्याच्या गावी परतला, पण प्रत्येक दिवाळीला त्याचा फोन यायचा आणि शेवटी तोच प्रश्न असायचा. "सुदाम के पिताजी अब भी वही सोचते हैं?" मी काहीतरी गोल उत्तर द्यायचो. फोन ठेवला की मला स्वतःचाच राग यायचा.

निवृत्तीनंतर मी भोकरदनला घोड्यांच्या सामानाचं दुकान टाकलं. खोगीर, लगाम, खरारे, खुरांचं तेल, मालिशची औषधं. आपल्या भागात आता हौशी घोडेमालक वाढलेत. तो स्प्रेही मी ठेवतो. बाटलीत खोट नाही. पण गिऱ्हाईक पाठीला लावणार नाही असं म्हणाल्याशिवाय मी ती हातात देत नाही. लोक चेष्टा करतात, की फौजीच्या दुकानात आधी परेड, मग माल. किसनबापू मात्र तालुक्याला आले तरी दुकानावरून मान वळवून जायचे.

यंदा जत्रेतल्या घोड्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच घोडा पळवून दाखवायची स्पर्धा ठेवली. त्याच्या आधी एका सकाळी दुकानासमोर पिकअप थांबली. सुदामचा धाकटा भाऊ रामेश्वर उतरला, मागून किसनबापू. गाडीत पांढरी घोडी होती.

"काका, खोगीर पाह्यजे. दुसरीकडं कुठं मिळून न्हाई राह्यलं," रामेश्वर म्हणाला. "आन् चमकायची बाटली. घरची संपली."

बापू दारातच उभे राहिले. "तपासून घे रे," ते मुलाला म्हणाले. "इथल्या तंगाचा भरोसा न्हाई."

मी ऐकून घेतलं. घोडी खाली उतरवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. हात घसरला. तोच वास. 

"रामेश्वर, पाठीला लावलंय?"

"सगळ्या अंगाला लावलंय. सपाटून चमकून राह्यली न?"

मेजर साहेबांचा हुकूम मला आठवला. पण हा दुसरा मुलगा घोडीवर बसणार होता. मी नमदा टाकला, खोगीर ठेवलं, तंग कसला.

"बापू, इकडं या. तंग तुमच्या हाताने बघा."

त्यांना यायचं नव्हतं. पण आले. दोन बोटं घालायचा प्रयत्न केला. "बराबर आवळ हाये," ते म्हणाले.

"आता रिकिबीवर जोर द्या. जसं कोणी एका बाजूला वाकतं तसं."

त्यांनी रिकीब धरून खाली ओढली. खोगीर सरकन फिरून घोडीच्या कुशीवर आलं. घोडी दचकली. रामेश्वरने तिला आवरलं. बापूंनी पुन्हा तंगाला हात लावला. तो तसाच आवळ होता. मग त्यांनी नमद्याखाली हात घातला, बाहेर काढला आणि बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

"त्याच्यापाशी बाटली व्हती?" त्यांनी विचारलं.

"होती."

"आन् तुम्हाला म्हाईत व्हतं."

"हो, बापू. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

ते दुकानाच्या पायरीवर बसले. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. "कानापासून शेपटीपर्यंत चमकली पाह्यजे, असं मीच शिकवल्तं त्याला," ते म्हणाले. "लहानपणापासून." मी म्हटलं, वरातीच्या घोडीला ते बरोबरच होतं.  रामेश्वर घोडीची मान धरून रडत होता.

बऱ्याच वेळाने बापू उठले. माझ्याकडून बादली आणि साबण मागून घेतला आणि घोडीची पाठ स्वतः धुतली. रामेश्वरला हात लावू दिला नाही. स्वतःच्या उपरण्याने ती कोरडी केली. मग म्हणाले, "तो सॅडलर जित्ता हाये का?"

"आहे."

"लावा फोन."

मी लावून दिला. बापूंना हिंदी जेमतेम येतं. ते ताठ उभे राहून बोलले.

"सुदाम का बाप बोलतोय. टेंभुर्णीसे. महिपालजी, तुम्हारा तंग पक्का था."

 पलीकडून महिपाल म्हणाला, "बापूजी, लड़का बहुत अच्छा था."  बापूंनी फोन माझ्या हातात दिला.

घोडी पुन्हा कसली. या वेळी रिकीब ओढली तर खोगीर जागचं हललं नाही. पिकअप निघायच्या बेतात असताना बापू खिडकीतून वळले. इतक्या वर्षांत त्यांनी मला तंगाशिवाय दुसरं काहीच विचारलं नव्हतं.

"दफेदार, शेवटच्या टायमाला खुंटी उचलली व्हती का त्यानं?"

"उचलली होती, बापू," मी म्हणालो. "भाला त्याच्या बाजूलाच पडला होता. खुंटी टोकावर होती."