जिनातली हाडं निवडली तेव्हा

मला असल्या गोष्टी कधी पटल्या नाहीत. मसणवट्याशेजारच्या शेतात मी एकटीनं कापूस वेचलाय. काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. पण हे एक आहे... नात म्हणाली, तू सांग, मी लिहिते. म्हणून सांगते.

लढाईचे दिवस होते, इंग्रज अजून होता. आम्ही धरणगावला. आमचे हे कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला, जोडीला हसनभाऊ. एका दुपारी रुईच्या गोदामाला आग लागली. हसनभाऊ बाहेर आला होता — लोकांनी पाहिलं — पण हे दिसेनात म्हणून परत आत गेला. मग छप्पर दोघांवर बसलं.

तिसऱ्या दिवशी, पाणी मारून सगळं गार झाल्यावर, हाडं काढून पत्र्यावर ठेवली. दोघांची एकात एक. आमच्यांना तापीत सोडायचं, हसनभाऊला कबरीत ठेवायचं. निवडायची कशी?

माझा दीर म्हणाला, "जित्तापनी एकच चिलीम वढेत, आते वाटनी करा म्हने!" आणि रडायला लागला. हसनभाऊची बायको रशीदाबी भिंतीला टेकून बसलेली. तिला रडूही येईना.

जळगावहून सरकारी डॉक्टर आला होता. म्हातारा, शांत माणूस. म्हणाला, काळं हाड कमी जळलेलं, पांढरं खडूसारखं ते पार जळलेलं. "आगीत हाड आखडतं, बाई. आकारावरून सांगता यायचं नाही. जुनी मोडतोड होती का कुठं?"

"डावा हात. गाडीवरून पडले होते. हाडवैद्यानं बसवला, पण गाठ राहिली."

तो शोधायला बसला. मीही बसले.

दीर म्हणाला, "वयनी, हाई बायास्नं काम नई शे."

"मंग कोनं शे?" मी म्हटलं.

पहिला तुकडा उचलला, तो ऊन लागला. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा. दुसरा गार. तिसरा परत ऊन... डॉक्टरला हात लावायला सांगितलं. तो म्हणाला, "सगळे गारच आहेत, बाई." ऊन ते जुन्या धोतराच्या एका धडप्यावर ठेवले, गार ते दुसऱ्यावर. मनात म्हटलं, ऊन ते माझे. ओळख देताहेत मला.

डॉक्टरनं मग तुकड्यांच्या कडा एकमेकींना लावून पाहिल्या. ज्या धडप्यावरचं त्याच धडप्यावर जुळत गेलं. एकही तुकडा इकडचा तिकडं नाही. तो माझ्याकडं बघतच राहिला. शेवटी गाठीचं हाड सापडलं.

गार धडप्यावर.

मी ते उचलून गालाला लावलं. थोडा वेळ धरून ठेवलं. खडू गालाला लावल्यासारखं झालं, बस.

रशीदाबी उठून आली. ऊन धडप्यावरच्या, हसनभाऊच्या तुकड्यांवरून हात फिरवला. "माले त थंडाच लागतस," म्हणाली. "तुले खरंच ऊन लागनात का, बहीन?"

"हा."

तिनं माझे दोन्ही तळवे घेतले, आपल्या तोंडावर दाबून धरले. तेव्हा तिला रडू आलं. बराच वेळ सोडले नाहीत तिनं.

परक्या माणसाची हाडं मला ऊन का लागली, नि माझ्याच माणसाची का नाही... इतकी वर्षं झाली, मला उमगलं नाही. निवड चुकली नव्हती, एवढंच.

संध्याकाळी आमच्यांना तापीत सोडलं. पाणी त्यांच्यापेक्षा ऊन होतं.