आईची उंची

आमच्या जुन्या जीपच्या पुढच्या लांब सीटवर आई हल्ली गप्प बसायची. पूर्वी रस्ताभर तिच्या सूचना चालायच्या. विचारलं तर म्हणाली, “म्हातारपणी माणूस खुजा होत जातो रे. मला आता रस्ता दिसतच नाही, नुसतं आभाळ दिसतं.” मीही शहाण्यासारखी मान डोलावली होती.

परवा आईला घेऊन जीपचं सीटकव्हर बदलायला गेलो, तेव्हा सीटवाल्याने जुनं कव्हर उसवलं. आतल्या स्प्रिंगा पार बसल्या होत्या, गोणपाटाचा भुगा झाला होता. त्याने स्प्रिंगा नव्याने बांधल्या, वर काथ्या पसरला आणि आईला बसवून पाहिलं. ती ताठ बसली.

“आजी, फोटोला बसल्यासारखं नको, रोज बसता तशा बसा.”

आई सैलावली, तसा त्याने काथ्याचा आणखी एक थर दिला.

आपण बिचाऱ्या वयाच्या माथी काय काय मारतो! खाली हात घालून बघायचं मात्र कुणाला सुचत नाही. शेजारी बसून रोज गाडी चालवणाऱ्या मुलालाही नाही.

घरी येताना मी याच विचारात होतो. तेवढ्यात शेजारून आवाज आला, “अरे, समोर स्पीडब्रेकर आहे. दिसत नाही का तुला?”