पाय न उचलणारे प्लासिद मास्तर

देवबागेत प्लासिद मास्तर दिसायच्या आधी ऐकू येतात. फर्र... फर्र... फर्र. त्यांची चप्पल जमिनीवरून सुटतच नाही. वीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, पण कॉपी करणारा एकही पोरगा त्यांच्या हाती लागला नाही. व्हरांड्याच्या टोकाला फर्र झालं की इकडे वर्गातल्या चिठ्ठ्या खिशात. एका पंधरा ऑगस्टला हेडमास्तर आजारी पडले आणि संचलन मास्तरांच्या गळ्यात आलं. चाळीस मुलं त्यांच्यामागून अशी पाय फरफटत गेली, की मैदानात धुळीशिवाय काही दिसेना. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात शिस्तीचं कौतुक केलं. त्यांना दिसलंच नव्हतं काही, मग त्यांना तरी बोल कसा लावायचा?

आता कोणी म्हणेल, मास्तरांना वातबित असेल. छे! माणूस ठणठणीत आहे. ही खोड खाडीतली. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला मांडीएवढं पाणी उरतं, आणि मास्तर खांद्यावर पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकून रोज तिथे शेवटे मासे पकडायला उतरतात. त्याच पाण्यात वागळी अंगावर वाळू ओढून पडलेली असते. ताटाएवढा चपटा मासा, आणि शेपटीला करवतीच्या दातांचा विषारी काटा. तिच्यावर पाय पडला की ती शेपूट हाणते. पण तळव्याने वाळू ढकलत गेलं, तर तिला आधीच चाहूल लागते आणि ती बिचारी उठून दुसरीकडे जाते. म्हणून जाणता माणूस पाण्यात पाय उचलत नाही, घासत चालतो. देवबागेतले सगळेच तसे चालतात आणि किनाऱ्याला लागले की पुन्हा माणसात येतात. मास्तर तेवढे आले नाहीत.

"मास्तरांनू, डांबरी रस्त्यार वागळी नाय आसता," शेजारचा सत्यवान त्यांना म्हणायचा. सत्यवान त्यांच्याबरोबर पागायला जाणारा जुना सोबती.

"माका ठावक आसा," मास्तर म्हणायचे, आणि फर्र करत पुढे जायचे. कारण विचारलं तर हसायचे. बायकोलासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि एस्पेरांसाबाईंनी पहिली दहा वर्षं विचारून नंतर नाद सोडला.

सगळं असंच चाललं असतं, पण मुलीचं लग्न ठरलं. डेल्सी ही मास्तरांची एकुलती एक. म्हापशाला एका दवाखान्यात नर्स. नवरा तिथलाच, ब्रॅंडन. लग्न मात्र गावच्या चर्चमध्ये, आणि तिथे बापाने मुलीचा हात धरून दारापासून वेदीपर्यंत न्यायचं असतं. मोजून चाळीस पावलं. मास्तर डेल्सीच्या जन्मापासून त्या चाळीस पावलांची वाट बघत होते.

डेल्सीने फोनवर स्पष्ट सांगितलं, "पप्पा, शाळेत माका सगळी फर्रफर्र म्हणान चिडवायची. आता तां नको. व्हिडिओ गोव्याक जातलो, कुवेताक जातलो. तू पाय उचलून चलशीत तर तुझ्यावांगडा जातलंय. नायतर अंतोनमामाक सांगतंय."

अंतोनमामा म्हणजे बायकोचा भाऊ, तीन सूट बाळगणारा, आणि पाय तर इतके सुरेख उचलणारा की बघत राहावं. मास्तरांना जन्मात कोणाचा हेवा वाटला नव्हता. त्या दिवशी त्याच्या पायांचा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून परसात सराव सुरू झाला. एस्पेरांसाबाईंनी ओळीने नारळाची सोडणं मांडली आणि मास्तर एकेक ओलांडू लागले. सत्यवान बाजूने ओरडायचा, "उचला मास्तर, उचला!" पहिले आठ दिवस मास्तरांचा गुडघा छातीला लागत होता आणि पाऊल कुठे टेकायचं ते त्यांना सुचत नव्हतं. शेजारच्या होमस्टेमध्ये उतरलेल्या कोल्हापूरच्या चार बायकांना हा काही कोकणी व्यायाम वाटला. त्याही पदर खोचून मागून सोडणं ओलांडू लागल्या. जाताना एकीने तर गुडघा सुटल्याचं सांगून मास्तरांना नमस्कार केला. तिसऱ्या आठवड्यात मास्तर फाटकापर्यंत आवाज न करता गेले. डेल्सीने ते व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि तिला हसू नि रडू एकदमच आलं. "माजो पप्पा माणसासारखो चलता गो!"

लग्नाच्या आदल्या दिवशी रस. म्हणजे नवरीला अंगणात बसवून डोक्यावरून नारळाचं दूध ओतायचं, गाणी म्हणायची आणि मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात तापवलेल्या पाण्याने तिला न्हाऊ घालायचं. घरात बायकांची ही गर्दी, आणि मास्तरांनी सकाळीच पाग उचलला.

"आज तरी पाण्यात जाव नको हो!" एस्पेरांसाबाई म्हणाल्या.

"डेल्सीक शेवट्याची कढी आवडता. उद्यापासून ती खंय नि मी खंय," असं म्हणून मास्तर निघालेसुद्धा, न घासता.

आणि तसेच पाण्यात उतरले. तीन आठवडे घोटून घेतलेले पाय ते, त्यांना आता कोरडं काय नि ओलं काय. मागून सत्यवान येत होता. तीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस, त्याने खरं तर मास्तरांना धरून थांबवायचं. पण समोर मास्तरांचा पाय वर आलेला दिसला आणि त्याच्या तोंडून सवयीने निघालं, "उचला मास्तर, उचला!"

मास्तरांनी खुशीत आणखी वर उचलला, आणि नेमका वागळीच्या पाठीवर ठेवला.

ती किंकाळी पलीकडच्या काठावर ऐकू गेली म्हणतात. सत्यवानाने त्यांना पाठुंगळीला मारलं आणि धावत घरी आणलं. अंगणात गाणं रंगात आलं होतं. डेल्सी पाटावर बसलेली, केसांतून नारळाचं दूध गळतंय. बापाच्या घोट्याजवळचं रक्त बघितलं आणि नवरीची क्षणात नर्स झाली. काटा आत मोडून राहिला नव्हता, ते तिने नीट बघून घेतलं. वागळीचं विष गरम पाण्याने उतरतं. "गरम पाणी हाडा! सोसवतला तितक्या गरम! मगे डॉक्टराकडे नेवया."

गरम पाणी होतं, पण एकच भांडं. डेल्सीची धर्ममाता भांड्याला आडवी झाली. "तां व्हकलेच्या न्हाणाचा पाणी! तेच्यात पाय घालतास?"

"व्हकल मीच आसंय," नवरी म्हणाली. "पप्पा, घाल पाय."

मास्तरांनी पाय घातला. वेदना अशी की बाप्या माणूस पोराटोरांसारखा रडत होता. डेल्सी शेजारी उकिडवी बसली, त्यांचा गुडघा धरून. पाणी निवलं की ती नव्या कळशीची हाक द्यायची. तासभर गेला. तिच्या अंगावरचं दूध वाळून चिकटलं, मुंग्या आल्या, शेजाऱ्याचा कुत्रा येऊन तिचं कोपर चाटून गेला. गाणाऱ्या बायकांना थांबावं की गावं कळेना, म्हणून त्या हळू आवाजात गात राहिल्या. उरलेला रस फुकट कशाला घालवा, म्हणून एकीने तो मास्तरांच्या डोक्यावर ओतला.

कळ जरा उतरली तेव्हा डेल्सीने विचारलं, "पप्पा, सगळी पाण्याभायर इली की पाय उचलतत. तूच कित्याक नाय रे?"

एरवी मास्तर हसले असते. आज त्यांच्यात तेवढं बळ नव्हतं.

"तू पाच वर्साची होतंस. माज्यावांगडा पागूक येयस. मी तुका सांगलंय, माजो शर्ट धर आणि माजे पाय घासले थंयसूनच ये, म्हणजे वागळी लागाची नाय. मगे भायर इल्यार तू शर्ट सोडीच नाय. रस्त्यार मी पाय उचललो की रडायचंस. 'पप्पा, हयसर पण वागळी आसतली.' म्हणान मी शाळेपर्यंत घासत नेलंय तुका. चर्चीत पण. तू सात वर्साची झालंस आणि शर्ट सोडलंस. पण माका काय कळला नाय, तू नक्की कधी सोडलंस तां."

डेल्सीला यातलं काहीच आठवत नव्हतं. फर्रफर्र म्हणून चिडवलेलं मात्र सगळं आठवत होतं. तिने बापाच्या ओल्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि ती रडली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा पाय नीरफणसाएवढा सुजला होता. बूट चढेना. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन पट्टी बांधली होती. चर्चच्या दारात अंतोनमामा निळ्या सुटात तयार उभा. मास्तरांनी मान खाली घालून मुलीचा हात त्याच्याकडे करायला घेतला.

डेल्सीने हात सोडवून घेतला. ती बापाच्या शेजारीही राहिली नाही. त्यांच्या मागे गेली, पुष्पगुच्छ बगलेत मारला आणि त्यांच्या कोटाचं टोक मुठीत धरलं.

"चल, पप्पा."

फर्र... मास्तरांनी पट्टीचा पाय सरकवला. मागून पांढऱ्या बुटांचं दुसरं फर्र आलं. गालिचा गोळा होऊ लागला. बाजा वाजवणाऱ्याने चाल तीनदा संपवली आणि चौथ्यांदा सुरू केली. कणकवलीहून आलेल्या व्हिडिओवाल्याने कॅमेरा तपासून बघितला, चुकून स्लो मोशन तर लागलं नाही ना. चाळीस पावलांची वाट, बाप-लेकींनी ती पाव तास पुरवली.

वेदीपाशी ब्रॅंडन घामाघूम होऊन उभा होता. मास्तरांनी कोटाचं टोक डेल्सीच्या मुठीतून हलकेच सोडवलं आणि ब्रॅंडनच्या कोटाचं टोक तिच्या मुठीत दिलं. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाले,

"पाय उचलू नको रे. ती मागसून येता."