दुधरामची पाळ आणि माझा ठराव

केशोरीजवळच्या आमच्या गावचा दुधराम हा पाणकर होता. तलावाचे तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे दार, केव्हा उघडायचे आणि कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी द्यायचे, हे तो ठरवी. त्याच्यापाशी ना नियमावली होती, ना शिक्का. मालगुजारांची जमीनदारी गेली, तलाव सरकारी झाला, पण हा बदल त्याच्या ध्यानात आला नव्हता. ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. नागपूरला अर्थशास्त्र शिकलेला, जनपद सभेचा, म्हणजे तालुक्याच्या लोकनियुक्त मंडळाचा, सभासद आणि स्थानिक स्वराज्यावर कुणी न विचारता बोलणारा असा गावात मी एकटाच होतो.

१९५५च्या आश्विनात तुडुमाजवळ तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, पाझरू लागली. धान पोटरीला आले होते. तलाव आठ दिवसांत रिकामा झाला असता आणि गावाचा दाणा भरला नसता. दुधरामने रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस आणि एक टोपले सांगितले. माणसे जमली. मी त्यांना थांबवले. राष्ट्राच्या मालमत्तेला मंजुरीवाचून हात लावणे म्हणजे नियोजनाच्या मुळावर घाव घालणे, हे मी पाळीवर उभे राहून चाळीस मिनिटे समजावले. तेवढा वेळ माझ्या पायांखालून पाणी जात होते.

"मंग आता कसं?" दुधरामने विचारले.

"सभा ठराव करील. ठराव वर जाईल."

"पानी त् खाली जाऊन राहिलं, बाबूजी."

तरी लोक परतले. माझ्या शिक्षणाचा त्यांनी मान राखला, हे आठवले की आजही संकोच वाटतो. ठराव एकमताने झाला. मसुदा माझाच होता. त्यात 'विकेंद्रीकरण' चार वेळा आले होते, तुडुम एकदाही नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दुधरामची बायको रुख्मा दारात आली.

"कागद आला का?"

"येईल."

"तुमच्या बांधीतला धान बी सुकून राहिला. त्याले वाचता येते का कागद?"

तिने एक रिकामे टोपले माझ्या हाती दिले. "सारे पाळीवर गेले. तुमच्याच घरचा मानूस बाकी आहे."

दुधराम छातीभर पाण्यात उभा राहून पायाने भोक चाचपत होता. मी आणलेली माती त्याने चिमटीत धरून पाहिली. "एवढी रेताड कायले आनली?" दुसऱ्या टोपल्यालाही तेच ऐकावे लागले. सांजेला पाझर थांबला. धान वाचले.

पौषात एक अधिकारी येऊन पाळ पाहून गेले. मग पत्र आले: पाळ सुस्थितीत आहे, ठरावातील माहिती निराधार आहे, संबंधित सभासदाने (इथे माझे पूर्ण नाव होते) यापुढे खातरजमा करूनच लिहावे. मी ते दुधरामला वाचून दाखवले. त्याने पुन्हा वाचायला लावले.

"म्हंजे काम बरं झालं म्हनते?"

"हो."

"मंग त्यात तुमचंच नाव काऊन? तुमचे त् दोन्ही टोपले मी फेकले होते."