अंगात राहिलेला मार

आठवड्यातून एकदा मी महिलांच्या आधारगृहात शिवण शिकवायला जाते. तिथे नव्याने आलेल्या सुनंदाचा जबडा नवऱ्याने वरवंट्याने फोडला होता. टाके निघाले, तरी ती कुणाशी बोलत नव्हती. त्या दिवशी कुत्र्यांना शिकवणाऱ्या अनघाताई आपल्या मोतीला घेऊन आल्या होत्या. दुखावलेल्या माणसांजवळ शांत बसायला शिकवलेला तो साधा गावठी कुत्रा. बायका त्याला कुरवाळत होत्या. सुनंदा मात्र लांब, भिंतीला टेकून उभी होती.

एवढ्यात स्वयंपाकघरात मोठं पातेलं दाणकन पडलं. सुनंदाने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि ती मटकन खाली बसली. त्याच क्षणी मोतीही शेपूट पायात घालून टेबलाखाली शिरला आणि थरथरू लागला.

"याला काय झालं?" मी विचारलं.

"आधीचा मालक साखळीनं मारायचा त्याला," अनघाताई म्हणाल्या. "सगळं शिकला, पण आवाज झाला की अजून असंच करतो."

मारणाऱ्याचा हात केव्हाच खाली आलेला असतो. तो जेवतो, झोपतो, विसरूनही जातो. मार मात्र ज्याने खाल्ला त्याच्या अंगात दबा धरून बसतो, आणि कुठल्याही आवाजाने पुन्हा उठतो.

सुनंदा हातांच्या फटीतून मोतीकडे पाहत होती. मग ती रांगत टेबलाखाली गेली. त्याच्या मानेवर, केस न उगवलेल्या वळावर तिने तळवा ठेवला.

"उगी, उगी," अडखळत ती म्हणाली. "कुणी आलं नाही रे. पातेलं पडलंय नुसतं."