आबांच्या तापाला वेळ कशी कळायची?

मी निघाले त्या दिवशी माझा भाऊ नामदेवदादा वाळूजच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून, कपडेही न बदलता, मित्राची गाडी घेऊन बिडकीनला आला. डिकी रिकामी असूनही आई मागच्या सीटवर माझी बॅग मांडीवर घेऊन बसली. आबा, माझे वडील, यायचे नव्हते. मेंढरं सोडून ते कुठंच जात नाहीत. पण कंपन्यांसाठी केलेल्या त्या रुंद, मोकळ्या रस्त्याला लागलो, तर समोर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. आबांनी कळप मुद्दाम आडवा घातला होता. खिडकीतून हात घालून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

"पोचली की फोन कर. अन् तिकडं मेंढरं कशी असत्यात ते बघ."

मग त्यांनी हाळी दिली आणि कळप बाजूला झाला. मी चालले होते ग्लासगोला, हिवतापाच्या जंतूवर पीएचडी करायला. का, ते घरच्यांना ठाऊक आहे. माझ्यासारख्या गाव सोडून बाहेर पडलेल्यांसाठी सांगते.

मी दहा वर्षांची असताना आमचं बिऱ्हाड पैठणच्या बाजूला नदीकाठी उतरलं होतं. एका दुपारी आबांना हीव भरलं. अंगावर सगळी घोंगडी टाकली तरी दात वाजत होते. मग अंग भाजायला लागलं, मग दरदरून घाम, आणि संध्याकाळी उठून चहा प्याले. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. आई म्हणाली, "गेला एकदाचा."

"नाय," आबा म्हणाले. "पाळीचा ताप हाय ह्यो. उद्या मेंढरं पाण्यावर येतील तवा येईल."

मेंढरं पाण्यावर आली आणि ताप आला. एक दिवस सोडून परत आला, त्याच सुमाराला. चौथ्या खेपेला आबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "कुणाची पोर गं तू?"

आईनं रस्त्यावर उभं राहून विटांचा टेम्पो थांबवला आणि त्यांना घाटीत, शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेलं. तिथं रक्त तपासणाऱ्या बाईंनी मला स्टुलावर चढवून सूक्ष्मदर्शकात बघू दिलं. फिक्या गुलाबी पेशी, आणि काहींच्या आत खड्याच्या अंगठीसारखं जांभळं कडं. "हे आत वाढतात, आणि सगळे एकदमच पेशी फोडून बाहेर पडतात. तेव्हा ताप येतो."

"पण त्यांना येळ कशी कळती? घड्याळ कुठंय त्यांच्याकडं?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मलाबी नाय माहीत. तू शीक अन् मला सांग."

औषधांनी आबा वाचले. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

प्रयोगशाळेत हे जंतू माणसाच्या रक्तावर बाटलीत वाढवतात. तिथं त्यांची शिस्त मोडते. काही पिढ्यांत कुणी पुढं, कुणी मागं. शरीरात मात्र ते बरोबरीनं पिकतात. कारण काय, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडंच नाही. पण एक धागा आपल्याच मेलाटोनिनचा आहे. अंधार पडला की मेंदूतली इवलीशी ग्रंथी हे संप्रेरक रक्तात सोडते आणि शरीराला कळवते, रात्र झाली. निरोप आपल्यासाठी असतो. पेशीत दडलेला जंतू तो चोरून ऐकतो.

हे मी वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते दुसऱ्या वर्षी. जंतूच्या आत कॅल्शियम वाढलं की उजळणारा रंग भरला होता. मेलाटोनिनचा थेंब सोडला. काही क्षण काहीच नाही. मग पडद्यावर एक ठिपका उजळला. शेजारी दुसरा. मग आणखी कितीतरी. ज्यानं माझ्या बापाला माझी ओळख विसरायला लावली, त्याच्याकडं मी देवळात उभं राहावं तशी बघत होते. तसं बघण्याची लाजही वाटली.

आबांना फोन लावला. मागं मेंढरं ओरडत होती. जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे दिस मावळला, हे माझंच रगात त्याला सांगत व्हतं?"

"व्हय, आबा."

"अन् मला ठावंच नाय!" मग म्हणाले, "लई हुशार जनावर हाय गं. मारावं लागंल त्याला. पर हुशार हाय."

लाज तिथंच गेली.

बाहेर गेलेल्यांना माहीत असेल, सुरुवातीचे दिवस शरीर मागच्याच गावची वेळ पाळतं. ग्लासगोत संध्याकाळी पाचला माझे डोळे मिटायचे, कारण बिडकीनला आईनं अंथरुणं घातलेली असायची. मग रक्तानं हळूहळू तिकडचा अंधार मानला. कुठल्या दिवशी, ते मला कळलंही नाही. गाव कुठलं विचारलं तर मी अजून बिडकीनच सांगते, पण रक्ताला विचारलं तर ते दुसरंच सांगेल. याचं वाईट वाटायचं.

यंदा घरी आले. दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेले तरी मी झोपलेलीच. जाग आली ती दादाच्या आवाजानं. तो वाळूजशेजारच्या बजाजनगरहून मला भेटायला आला होता.

"अजून उठली नाय? बरी हाय ना?"

मी डोळे मिटूनच पडून राहिले. आई दारात भाकरीचं पीठ चाळत होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोल. तिचं अजून उजाडलं नाय."